विदित, दिव्या आणि आमच्या बाईसाहेब

शुक्रवारी संध्याकाळी हपिसातून निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात दादाचा फोन. "उद्या-परवा सुट्टीच आहे ना तुला? मग ये की. पोरगी कुणाचं ऐकंना झालीय. तुझं ऐकती ती."

दादाचं हे 'तुझं ऐकती ती' म्हणजे मॅनेजरने 'या कामाला तुझ्याइतकं योग्य कुणी नाही' म्हणण्यासारखं आहे. काहीतरी गळ्यात पडणार हे नक्की. पण संक्रांतीला जाता आलं नव्हतं, आईच्या तिळगुळाचा डबा वाट बघत होता, म्हणून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी अंबाजोगाईत उतरलो. (आमच्या गावात अजून रेल्वे नाही हो. बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला पोचली, तेव्हा आमचे अण्णा पेपर हातात घेऊन दिवसभर खूष होते. आपल्याला परळीलाच जावं लागणार हे माहीत असून.)

तर मामला असा. माझी पुतणी आठवीत आहे. दादाचं मोंढ्यात कृषी सेवा केंद्र आहे, वहिनी घर आणि दुकानाचा हिशेब दोन्ही बघते. पोरगी हुशार, म्हणजे आमच्याकडच्या पद्धतीने तिचं पुढचं सगळं ठरलेलं. नववीपासून लातूर, फाउंडेशन बॅच, मग अकरावी-बारावी, मग नीट, मग डॉक्टर. लातूर पॅटर्न हा आमच्या भागात अभ्यासक्रम नाही, संस्कार आहे. मुंज, लग्न तसा लातूर. तर त्या लातूरच्या क्लासची प्रवेश परीक्षा एका रविवारी, आणि नेमक्या त्याच रविवारी बाईसाहेबांना पुण्यात बुद्धिबळाची रेटिंग स्पर्धा खेळायची आहे. चार दिवसांची. दादाचं म्हणणं, आता खेळ पुरे, चार वर्षं पट माळ्यावर ठेव, डॉक्टर झाल्यावर खेळ काय खेळायचं ते. बाईसाहेबांनी यावर दोन दिवस जेवण टाकलं होतं. (वहिनीच्या माहितीनुसार लपून शेंगदाण्याचे लाडू चालू होते, पण तत्त्व म्हणून जेवण टाकलं होतं.)

आणि तिची समजूत घालायला मी. का, तर मीही शाळेत असताना खेळायचो, आणि दहावीसाठी सोडलं, आणि इंजिनियर झालो, आणि आता पुण्यात 'सेटल' आहे. थोडक्यात, मी म्हणजे चालतं-बोलतं उदाहरण.

पोचलो तर बाईसाहेब गच्चीवर उन्हात पट मांडून एकट्याच बसलेल्या. समोर मोबाइल उभा करून ठेवलेला, त्यावर कुठला तरी जुना सामना. मी शेजारी बसलो. बघतो तर स्क्रीनच्या डाव्या कडेला खाकी चिकटपट्टीचा एक उभा तुकडा लावलेला.

"काच फुटली का गं?"

"नाही. पट्टी झाकलीय."

ज्यांनी नेटवर बुद्धिबळाचे सामने पाहिलेत त्यांना कळलं असेल. हल्ली सामना दाखवताना पटाच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी असते. संगणक दर क्षणाला सांगत असतो की कुणाची बाजू किती वरचढ आहे. कुणी चुकीची चाल केली की पट्टी धाडकन खाली. मग आपण घरी बसून, चहा पीत, जगातल्या पहिल्या दहातल्या खेळाडूला 'अरे काय हे!' म्हणायला मोकळे. स्वतःला साधी दोन चालींतली मात दिसत नाही ते सोडा.

"झाकल्यावर मला कळत नाही ना कोण जिंकतंय. त्या दोघींनाबी तेव्हा माहीत नव्हतं. मग मजा येते," पोरगी म्हणाली.

सामना होता २८ जुलै २०२५ चा. बातुमी, जॉर्जिया. महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी, नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी. हा सामना झाला त्या दिवशी सोमवार होता, मी हपिसात कुठल्याशा रटाळ मीटिंगमध्ये, आणि ही शाळेतून थेट दुकानात जाऊन बापाचा मोबाइल घेऊन खताच्या पोत्यावर बसलेली. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. मग जलद डाव. पहिला पुन्हा बरोबरी. दुसऱ्यात घड्याळ संपत आलं, हंपीच्या हातून चूक झाली आणि दिव्या जिंकली. मग उठून आईच्या गळ्यात पडून रडली. तेव्हा ती १९ वर्षांची होती आणि हंपी ३८. हंपी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता!

या विजयातली गंमत अशी की ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं. दिव्याकडे स्पर्धेला जाताना एकही नॉर्म नव्हता. मानांकन पंधरावं. पण ही स्पर्धा जिंकणाऱ्याला थेट किताब मिळतो, म्हणून ती एका दमात भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. तिने नंतर सांगितलं ते साधारण असं, की किताब असाच मिळायचा हे नशिबातच असावं, आणि ही तर फक्त सुरुवात ठरावी. आता बघा, आपल्याकडे पोरगं पहिलं आलं की घरचे म्हणतात 'मिळवलं एकदाचं'. तिच्या डोक्यात मात्र 'सुरुवात'. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गोव्यात खुला विश्वचषक झाला, तिथे ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली. पुरुषांबरोबर खेळायला गेली आणि हरली. नसती गेली तर कुणी विचारलं नसतं. पण गेली.

हे मी पुतणीला म्हटलं तर तिचं उत्तर, "मग काय झालं? हरली म्हणून खेळायचं नाय का?"

मी गप्प. का गप्प ते पुढे येईल.

दुपारी जेवताना अण्णांनी विषय काढला. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत. त्यांना कुठलाही विषय मुळापासून सुरू करायची सवय. "मुलींनी स्पर्धा खेळायच्या म्हटलं की आमच्या वेळी केवढा गहजब व्हायचा," म्हणाले, आणि गाडी खाडिलकर भगिनींवर आली. वासंती, जयश्री, रोहिणी. 'नवाकाळ'च्या नीळकंठ खाडिलकरांच्या मुली. त्यांतली धाकटी रोहिणी १९७६ साली, १३ वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. त्यावर एवढा वाद झाला की प्रकरण वरपर्यंत गेलं, आणि तेव्हाचे जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव्हे यांना सांगावं लागलं की स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. हीच रोहिणी १९८१ साली आशियाई विजेती झाली.

म्हणजे वाट पडली होती. पण वाट पडली म्हणजे काटे गेले असं नाही. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथे खेळून आल्यावर दिव्याने जाहीरपणे लिहिलं होतं, की प्रेक्षक माझे कपडे, केस, बोलण्याची ढब यांवर बोलतात, खेळावर बोलतच नाहीत. तेव्हा ती १८ वर्षांची. रोहिणीला 'खेळू नको' म्हणत होते, दिव्याला 'खेळ, पण आम्ही खेळ बघणार नाही' म्हणत होते. ४८ वर्षांत एवढी प्रगती!

वहिनी ताटात भाकरी वाढता वाढता थांबून ऐकत होती. काही बोलली नाही. दादा मात्र म्हणाला, "सगळं खरं. पण दिव्याचे आईबाप डॉक्टर आहेत. विदितचेबी डॉक्टर. आपलं खताचं दुकान आहे. उधारी वसूल झाली तर दिवाळी."

हे मात्र बिनतोड होतं.

विदित गुजराथीचा विषय निघाला म्हणून सांगतो. हा माझा खास माणूस. नाशिकचा, १९९४ चा जन्म. दिव्या जिंकताना बघायला आवडते, पण आपली वाटते ती विदितची कहाणी. कारण तो जिंकतो तसा हरतोही भरपूर, आणि दोन्ही करून पुन्हा येऊन बसतो. आणि खेळाडूचं स्पर्धेबद्दलचं मत मुलाखतीत शोधण्यापेक्षा स्पर्धेच्या तक्त्यात शोधावं असं माझं मत आहे. तिथे खोटं बोलता येत नाही.

२०२३ सालची ग्रँड स्विस, आइल ऑफ मॅन. ११ फेऱ्या. पहिल्याच फेरीत विदित नेदरलँड्सच्या एर्विन लामीकडून हरला. तिथे जगातले उत्तमोत्तम जमलेले, पहिल्या दिवशी शून्य. मी असतो तर उरलेले दिवस तिथलं हवामान बघत काढले असते. याने उरलेल्या १० डावांत साडेआठ गुण काढले आणि स्पर्धा जिंकली. त्याच जोरावर २०२४ ची कँडिडेट्स खेळायला टोरांटोला गेला. आठच खेळाडू, जिंकणारा जगज्जेत्याशी खेळणार. तिथे त्याने हिकारू नाकामुराला एकदा नाही, दोनदा हरवलं. पहिल्यांदा तर काळी मोहरी घेऊन. आणि एवढं करून स्वतः आला सहावा, १४ पैकी ६ गुण.

आता यातली मौज बघा. नाकामुरा त्या स्पर्धेत दोनच डाव हरला, दोन्ही विदितकडून. शेवटी गुकेशला ९ गुण, नाकामुराला साडेआठ. पुढे डिसेंबरात गुकेश डिंग लिरेनला हरवून जगज्जेता झाला. म्हणजे सहाव्या आलेल्या माणसाचे ते दोन डाव पहिला कोण येणार हे ठरवून गेले. आपल्याकडे निकालाच्या फ्लेक्सवर पहिले तीन फोटो असतात. सहाव्याने काय केलं हे कुठे छापतात?

आणि सगळ्यात मला आवडते ती त्याच वर्षीची बुडापेस्टची ऑलिंपियाड. भारताला खुल्या आणि महिला दोन्ही गटांत पहिल्यांदाच सुवर्ण मिळालं. महिला संघाचा कप्तान पुण्याचा अभिजित कुंटे, आणि तिसऱ्या पटावर दिव्याला वैयक्तिक सुवर्णसुद्धा. खुल्या संघात पहिल्या पटावर गुकेश, दुसऱ्यावर प्रज्ञानंद, तिसऱ्यावर अर्जुन एरिगैसी, आणि चौथ्यावर विदित. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये जो भारताचा कप्तान होता, तो चार वर्षांनी आपल्याहून आठ ते अकरा वर्षांनी लहान असलेल्या पोरांच्या मागे चौथ्या पटावर. तेव्हा त्याचं वय २९. मी आता २८ चा आहे. हपिसात माझ्या शेजारी बसणारा नवा मुलगा २२ चा आहे, आणि जे शिकायला मला दोन वर्षं लागली ते तो यंत्राला विचारून दुपारपर्यंत करतो. तेव्हा हा चौथा पट मला फार जवळून कळतो.

असो. हपिसाचा विषय आलाच आहे तर.

आमच्या टीममध्ये १२ जण होतो, आता ७ आहोत. कुणाला काढलं असं म्हणत नाहीत, 'पुनर्रचना' म्हणतात. गेल्या वर्षभरात कॅन्टीनमध्ये एकच विषय आहे, एआय आपलं काय करणार. आणि दर वेळी कुणीतरी बुद्धिबळाचंच उदाहरण देतं. "अरे, १९९७ ला डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवलं. तेव्हा लोक म्हणाले, संपला खेळ. संपला का? उलट वाढला!" हे उदाहरण मीसुद्धा अनेकदा दिलंय. (१९९७ हे माझं जन्मवर्ष, त्यामुळे जरा जास्तच अभिमानाने.)

उदाहरण खरं आहे. २०१७ च्या डिसेंबरात अल्फाझिरोची बातमी आली तेव्हा मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. फक्त नियम सांगितलेलं यंत्र स्वतःशीच खेळून शिकलं आणि स्टॉकफिशशी १०० डाव खेळलं. २८ जिंकले, ७२ बरोबरी, हार शून्य. त्यानंतरही माणसं बुद्धिबळ खेळत राहिली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर विदित समय रैनासारख्या विनोदवीराबरोबर बसून नेटवर थेट खेळायचा, आणि ज्यांना घोडा अडीच घरं कसा चालतो हे माहीत नव्हतं ती पोरंही बघायची. आमच्या बाईसाहेब तिथूनच शिकल्या. खेळाचं भविष्य काय, याचं विदितने दिलेलं उत्तर मला तरी हेच दिसतं, की खेळ लोकांत घेऊन जा, हसत खेळा, हरलात तर तेही दिसू द्या.

पण गच्चीवर ती चिकटपट्टी बघितली आणि मला आमच्या कॅन्टीनमधल्या उदाहरणातली गोम कळली. लोक दिव्याचा डाव बघतात कारण तो दिव्या खेळते. यंत्र तिच्याहून चांगलं खेळतं हे सगळ्यांना माहीत आहे, तरी कुणी यंत्र बघायला बसत नाही. तिला घाम फुटतो, घड्याळ टिकटिकतं, ती चुकू शकते, म्हणून बघतात. माझा कोड मी लिहिला की यंत्राने, गिऱ्हाइकाला काय फरक पडतो? मी तो लिहिताना बघायला कोण तिकीट काढणार आहे?

आणखी एक गोष्ट. स्टॉकफिशमध्ये पूर्वी माणसांनी हाताने लिहिलेले नियम असायचे. दोन उंटांची जोडी असली तर इतके गुण, राजापुढची प्यादी मोडली तर इतके वजा, हत्तीला मोकळा रस्ता मिळाला तर इतके. कैक लोकांनी कैक वर्षं ते आकडे घासूनपुसून बसवले. २०२० मध्ये त्याच्या जोडीला न्यूरल नेटवर्क आलं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत १६.१ ही आवृत्ती आली तेव्हा हाताने लिहिलेलं ते मूल्यमापन सगळंच काढून टाकलं. गरज उरली नव्हती. म्हणजे त्या सगळ्या गोष्टीत बुद्धिबळपटू वाचला, पण ते नियम लिहिणाऱ्या प्रोग्रामरची मेहनत गेली. आणि आपण सगळे कॅन्टीनमध्ये बसून स्वतःला बुद्धिबळपटू समजतोय! (ते प्रोग्रामर मात्र घरी बसले नाहीत हेही खरं. त्यांनी ते जाळं शिकवायचं काम हाती घेतलं. मीही गेले सहा महिने रात्री तेच शिकतोय. बघू.)

संध्याकाळी अण्णा, मी आणि पोरगी असे तिघेच गच्चीवर होतो. मुकुंदराजांच्या बाजूने गार वारा येत होता. पोरगी म्हणाली, "आजोबा, ते पंजोबांचे नियम सांगा ना काकाला."

माझे आजोबा देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी उडी. अण्णा त्यांच्याकडूनच शिकले, मग शाळेत असताना नव्या नियमांचं पुस्तक वाचलं आणि बापलेकांचं भांडण झालं. आजोबा म्हणाले म्हणे, "हा काय खेळ हाय का? पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पळतंय. शिस्त नाय राहिली." आजोबा गेले, त्यांचे नियमही त्यांच्याबरोबर आमच्या घरातून गेले. खेळ राहिला.

मला एकदम कार्लसन आठवला. २०२२ च्या जुलैत त्याने सांगितलं की जगज्जेतेपदासाठी पुन्हा खेळणार नाही. पाठ केलेल्या सुरुवातींचा त्याला कंटाळा आलेला, म्हणून त्याचा ओढा फ्रीस्टाइलकडे, जिथे मागच्या रांगेतली मोहरी दर डावाला वेगळी मांडतात. ९६० मांडण्या होतात. ही कल्पना बॉबी फिशरने १९९६ मध्ये मांडली होती. यावर लोक भांडतात की हे बुद्धिबळ आहे का. आजोबाही असेच भांडले असते. एकेकाळी वजीरसुद्धा एकच तिरकं घर चालायचा, पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात त्याला आजची चाल मिळाली. तेव्हाही कुणी तरी म्हातारा 'शिस्त नाय राहिली' म्हणालाच असेल.

"तर मग," अण्णा मधेच म्हणाले, "हिला थांबवायचं का?" आणि थोडं थांबून, "तुला मी थांबवलं होतं. पट माळ्यावर टाकला होता. तेव्हा बरोबर वाटलं. आता वाटतं, चुकलं माझं."

इथे मला सांगावंच लागलं.

मी नववीत होतो. तेव्हाच्या औरंगाबादला एक खुली स्पर्धा होती. अण्णाच घेऊन गेले होते, पहाटेच्या यष्टीने. तिसऱ्या फेरीत माझ्यासमोर एक पोरगं आलं. तिसरीतलं असावं. खुर्चीवर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. चाल केली की उठून दुसऱ्यांचे पट बघत फिरायचं, परत येऊन माझ्याकडे न बघता चाल करायचं. त्याने मला २२ चालींत हरवलं. आजूबाजूला त्याच्या वर्गातली पोरं उभी होती, ती हसली. मी उरलेल्या फेऱ्या पोट दुखतंय म्हणून खेळलो नाही. घरी आल्यावर एक आठवड्याने मीच आईला म्हणालो, आता दहावीचं वर्ष येतंय, खेळ नको. अण्णांनी पट माळ्यावर टाकला तो मीच तशी वेळ आणली म्हणून. त्यानंतर १४ वर्षं घरात, कॉलेजात, हपिसात, सगळीकडे मी हेच सांगत आलो की दहावीसाठी घरच्यांनी सोडायला लावलं, नाहीतर...! या 'नाहीतर'वर किती चहा उधार प्यायलोय याचा हिशेब नाही. आणि इकडे अण्णा आपलं चुकलं म्हणून मनात धरून बसलेले.

मला लहान पोराकडून पुन्हा हरायची भीती वाटली होती. बाकी काही नाही.

अण्णा बराच वेळ समोरच्या टॉवरकडे बघत राहिले. पोरगीही गप्प. मग म्हणाले, "किती चालींत म्हणालास?"

"बावीस."

"बावीस!" आणि हसायला लागले. एवढे हसले की ठसका लागला, पोरगी पाणी आणायला पळाली. मला मात्र लहान असल्यासारखं रडायला येत होतं. हसण्यावर निभावलं.

रात्री दुकान बंद करून दादा आला तेव्हा मी त्याला समजावलं ते वेगळंच. पोरगी ग्रँडमास्टर होईल असं मी अजिबात म्हणालो नाही. आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं उदाहरण देणार होतो, की २०२२ ला बर्मिंगहॅमला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्य मिळवलं, केनियाबाहेरच्या कुणाला राष्ट्रकुलात त्या शर्यतीचं पदक १९९४ नंतर पहिल्यांदाच मिळालं, सोनं अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकलं. पण दिलं नाही. साबळे एक होतो. त्याच्यामागे न पोचलेले किती, हे दादालाही माहीत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांची उधारी तोच लिहून ठेवतो.

मी एवढंच म्हणालो, "तिला सोडायचं तर सोडू दे. पण खेळून, हरून, कंटाळून सोडू दे. न खेळता सोडलं तर तिच्याकडंबी एक 'नाहीतर' राहील, माझ्यासारखं. आणि ते 'नाहीतर' ती तुझ्या नावावर टाकील."

दादा म्हणाला, "आणि लातूरची परीक्षा?"

वहिनी आतून म्हणाली, "मी क्लासला फोन केला होता दुपारी. पुढच्या महिन्यात दुसरी बॅच घेतात परीक्षेची."

आम्ही तिघेही वहिनीकडे बघत राहिलो. सगळ्या डावात हिची चाल कुणी मोजलीच नव्हती.

दादा शेवटी "बघू" म्हणाला. आमच्या घरात 'बघू' म्हणजे हो. पोरगी पुण्यात माझ्याकडेच राहणार, म्हणजे राहण्याचा खर्च नाही. रेटिंग मिळेलच असं नाही. किमान पाच डाव रेटिंगवाल्यांशी व्हावे लागतात, आणि २०२४ च्या मार्चपासून खालची मर्यादा १००० वरून १४०० केलीय, त्याच्या आत भरलं तर यादीत नावच येत नाही. हे सगळं तिला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

रविवारी निघताना तिच्याशी एक डाव खेळलो. १४ वर्षांनी घरच्या पटावर. एक काळा उंट हरवलाय, त्याच्या जागी बाटलीचं बूच ठेवतात. हरलो. ३१ चालींत. म्हणजे प्रगती आहे :-)

ट्रॅव्हल्समध्ये बसल्यावर मोबाइल काढला आणि तिचा प्रवेशअर्ज भरला. मग थोडा वेळ नुसता बसून राहिलो. बार्शी गेल्यावर पुन्हा मोबाइल काढला आणि त्याच स्पर्धेचा आणखी एक अर्ज भरला. नाव माझं, रेटिंगच्या रकान्यात काही नाही. खुला गट आहे, वयाची अट नाही. म्हणजे पहिल्याच फेरीत समोर कोण येईल सांगता येत नाही. पाय जमिनीला न टेकणारं एखादं येईलच.

सोमवारी हपिसात रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं होतं. मग खोडून 'बुद्धिबळ स्पर्धा' लिहिलं. मंजूर व्हायची आहे अजून.